पाय किती ते नको, पाय कुठून ते विचारा

गेल्या सहामाहीत माझ्या नातीला 'आकृती काढून नावे द्या' या प्रश्नात पाचपैकी पाच गुण मिळाले. आकृती कोळ्याची होती. डोकं, पोट, डोळे, पाय, जाळं अशी पाच नावं, पाच बाण, सगळं बरोबर. फक्त कोळ्याचे आठही पाय तिनं पोटाला लावले होते. मोठ्या गोलातून चार इकडे, चार तिकडे, आणि पुढचा छोटा गोल बिचारा बिनपायाचा, दोन डोळे आणि एक हसू घेऊन बसलेला. बाईंनी लाल पेनानं बरोबरची खूण केली होती, कडेला एक चांदणीही काढली होती. 'पाय' या शब्दाचा बाण पायालाच लागला होता, मग चूक धरायची कशाची?

त्या बाईंना मी दोष देणार नाही. मी स्वतः सत्तावीस वर्षं नागपुरात प्राथमिकच्या मुलांना शिकवलं आणि त्यातली निदान पहिली पंधरा वर्षं असल्याच चांदण्या वाटत गेले. बर्डीच्या बाजारातून आणलेला तक्ता भिंतीला, हातात पट्टी, "सांगा, कोळ्याला पाय किती?" आणि पन्नास पोरांचा एका सुरात "आऽऽठ!" झाला तास. 'जाळं' हा कोळ्याचा अवयव नसून त्यानं बांधलेली वस्तू आहे, हेसुद्धा माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माणसाच्या आकृतीत आपण हात, पाय, नाक, कान आणि फ्लॅट अशी नावं देत नाही.

तिसरी ते पाचवीच्या मुलांना कोळ्याचे बाह्य अवयव शिकवायचे असतील तर 'पाय किती' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि 'पाय कुठून निघतात' हा विचारावा, असं आता माझं ठाम मत झालं आहे. त्याच धर्तीवर सूत कुठून निघतं, दात कुठं आहेत, डोळे कुठं आहेत. 'आठ' हे उत्तर आयुष्यात कोळी न बघताही देता येतं. 'कुठून'चं उत्तर द्यायला मात्र मान वाकवून, डोळे बारीक करून बघावंच लागतं. आणि ते एकदा दिसलं की बाकीच्या शरीराचा हिशेब हळूहळू लागायला लागतो.

हा हिशेब मोठा मजेचा आहे. कोळ्याचं शरीर दोन भागांचं. पुढचा भाग टणक, वरून ढालीसारखं कवच असलेला. मागचा भाग मऊ. आठही पाय पुढच्या भागाला, मागच्या भागाला एकही नाही. असं का? तर मागचा भाग म्हणजे एक पिशवी आहे. पोटभर खाल्लं की ती फुगते, मादीच्या पोटात अंडी भरली की तट्ट होते, उपास पडला की सुरकुतते. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या पिशवीला पाय लावून चालायचं म्हणजे पोत्याला खिळा ठोकून त्यावर सदरा टांगण्यासारखं. पायांना घट्ट बूड लागतं, ते पुढच्या कवचात आहे.

दुसरं कारण मला एका चौथीतल्या पोरामुळे शोधावं लागलं. खिडकीच्या चौकटीत मरून पडलेला कोळी त्यानं वहीच्या पानावर आणला आणि विचारलं, "मॅडम, मेल्यावर मकडी मूठ काऊन बंद करून घेते?" मी "मेल्यावर सगळेच आखडतात" असं काहीतरी ठोकून दिलं. त्याचं समाधान झालं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. माझंही झालं नव्हतं. पुढं वाचून कळलं ते असं: कोळ्याच्या पायात सांधे मिटायला स्नायू आहेत, पण दोन मोठ्या सांध्यांत ते उघडायला स्नायूच नाहीत. पाय सरळ होतो तो आतल्या द्रवाच्या दाबानं, आणि हा दाब तयार होतो पुढच्या टणक भागात. जीव गेला की दाब गेला आणि आठही पाय आत वळले. नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांच्या खोदकामामुळे जेसीबी न पाहिलेलं पोर सापडायचं नाही. त्याचा लोखंडी हात तेलाच्या दाबानं कसा उघडतो ते त्यांनी तासन् तास उभं राहून बघितलेलं असतं. कोळ्याचा पाय म्हणजे पाणी भरलेला जेसीबी, एवढं सांगितलं की पुरतं. आता सांगा, पाय पोटाला लावलेल्या त्या आकृतीत हा पंप कुठं बसवायचा? चित्रातली चूक दिसायला एवढीशी, पण ती ठेवली तर तो प्राणी उभाच राहू शकत नाही.

दोन भागांच्या मध्ये देठासारखी बारीक कंबर असते. तिच्यामुळे मागचा भाग हवा तसा वळवता येतो आणि सुताचं टोक नेमकं हवं तिथं टेकवता येतं. सगळं अन्न याच चिंचोळ्या वाटेनं मागं जायचं असतं, त्यामुळे कोळी घास चावून गिळत नाही. भक्ष्यावर पाचक रस सोडून ते पातळ करतो आणि शोषून घेतो. आमच्या वर्गातल्या एकीनं याला 'मकडीची लस्सी' म्हटलं होतं. वर्गभर शी-शी झाली, पण कंबर कुणी विसरलं नाही.

पाय मोजायला लावले की दर वर्गात दोन-तीन मुलं हमखास 'दहा' म्हणतात. आपण त्यांना गप्प करतो. खरं तर नीट बघितलेलं असतं त्यांनीच. तोंडाजवळ पायासारखीच दिसणारी आणखी एक जोडी असते. ती चालायला नाही, चाचपायला. तिला पाय न म्हणता हात म्हणा, निदान पाचवीपर्यंत. या जोडीची टोकं फुगीर, बॉक्सिंगचे मोजे घातल्यासारखी दिसली तर तो वयात आलेला नर. विंचवाच्या नांग्या म्हणजे हीच जोडी, फक्त दांडगी झालेली. विदर्भातल्या पोरांना विंचू सांगावा लागत नाही, दगड उचलताना तो भेटलेलाच असतो. दोघांना शेजारी ठेवून बघितलं की दहा म्हणणारं पोर चुकलं नव्हतं, त्याला फक्त पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला होता, हे कळतं. याच हातांच्या टोकांवरून शास्त्रज्ञ कोळ्याच्या जाती वेगळ्या करतात. 2021 साली ठाण्याकडच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि तिला 26/11 च्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं: आयसियस तुकारामी. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांवर जातींची नोंद झाली आहे आणि अजून नव्या निघताहेत, त्याही ठाण्यासारख्या गजबजलेल्या गावात. मुलांना वाटतं सगळी नावं पुस्तकात आधीच लिहून झालेली आहेत.

सुताचं काय? हा प्रश्न मी वर्गात विचारते तेव्हा उत्तरं साधारण तीन येतात. बहुतेक जण म्हणतात तोंडातून. काही जण मनगट पुढं करून बोटं वाकडी करतात, कारण टीव्हीवरचा तो लाल-निळा वीर तसंच करतो. घरी संस्कृताचं वळण असलेलं एखादं पोर म्हणतं बेंबीतून, कारण संस्कृतात कोळ्याचं नाव ऊर्णनाभ, म्हणजे बेंबीत लोकर असलेला. शब्द जुना आणि फार सुंदर आहे, पण ज्यानं तो केला त्यानं कोळी उलटा करून बघितला नसावा. सूत निघतं पोटाच्या अगदी मागच्या टोकाला, खालच्या बाजूनं असलेल्या बारीक बोंडांतून. ही बोंडं बहुतेक कोळ्यांत सहा असतात. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हणाल तर शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या खोडाकडे जा. सालीच्या रंगाचा, सालीला चिकटून बसलेला एक चपटा कोळी तिथं सापडतो, मागं दोन शेपट्या असल्यासारखा. त्या शेपट्या म्हणजे लांब झालेली सूतबोंडंच. मुंगी जवळ आली की तिच्याभोवती गरागरा फिरून तो तिला सुतात गुंडाळतो. एकदा हे बघितलेलं पोर जन्मात 'तोंडातून' म्हणणार नाही. नागपुरात कडुनिंब नसलेली शाळा शोधूनच काढावी लागेल.

डोळ्यांबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक कोळ्यांना आठ असतात, काहींना सहा, क्वचित त्याहून कमी. भिंतीवर टुणटुण उड्या मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे दोन एवढे मोठे की तो आपल्याकडे वळून बघतो तेव्हा मुलं आपसूक हळू आवाजात बोलायला लागतात. आणि रात्री अंगणात गवतावर टॉर्च आपल्या कपाळाशी धरून मारला तर भटक्या कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात. पुढचं काम मुलं करतात, आपल्याला जेवायला बोलवायला जावं लागतं.

हे सगळं जिवंत कोळ्यावर दिसेलच असं नाही. तो पळतो, आणि पळायलाच हवं. म्हणून मी नंतर नंतर कात जमवायला लागले. न्हाणीघरात भिंतीवर बसणारा तो पंजाएवढा, झुरळं खाणारा कोळी सगळ्यांना माहीत आहे, ज्याची मादी पांढऱ्या चकतीसारखी अंड्यांची पिशवी छातीखाली धरून हिंडते. तो कात टाकतो तेव्हा पुढच्या भागाचं कवच झाकणासारखं उघडतं आणि आठही पायांचे मोजे जसेच्या तसे मागं राहतात. पोटाची कातडी मात्र चुरगळून चिंधीसारखी लोंबत असते. टणक काय आणि मऊ काय, पाय कशाला जोडलेले होते आणि कशाला नव्हते, हे एवढं उघड दुसऱ्या कशातच दिसत नाही. कुणाला मारायचं नाही, कुणाला कोंडायचं नाही. आगपेटीत कापूस घालून ठेवली की वर्षभर टिकते. शाळेला खर्च म्हणजे चार-सहा भिंगांचा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं खरं असेल, पण त्यानं पोराच्या आयुष्यात काय फरक पडतो? मला वाटतं नागपुरात तरी पडतो.

पावसाळ्यात कुणाच्या मानेवर, गालावर रातोरात लाल पट्टा उठला, त्यावर पाणीदार फोड आले की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: मकडी मुतली. मग त्यावर काय काय थापलं जातं ते विचारू नका. कोळ्याची विष्ठा अशी कातडी जाळत नाही. तो पट्टा बहुतेक वेळा एका बारीक भुंग्याचा असतो. तांदळाच्या दाण्याएवढा, लांबुळका, तांबडा-काळा, पावसाळ्यात दिव्याला येणारा. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर बसला, आपण झोपेत चिरडला, की त्याच्या अंगातला रस कातडीला भाजतो. काही वेळा ते फोड चक्क नागिणीचे किंवा ओठावरच्या साध्या तापाच्या पुळ्यांचे असतात. आता त्या भुंग्याला समोर ठेवून एवढंच विचारा: पाय कुठून निघतात, किती निघतात, कंबर आहे का, डोक्यावर मिशा आहेत का? सहा पाय, दोन मिशा, शरीराचे तीन भाग. कोळ्याला मिशा नसतातच. तिसरीतलं पोरही सांगेल की हा कोळी नव्हे. घराघरात पिढ्यान् पिढ्या चुकीच्या जिवावर आळ घेतला जातोय आणि खरा गुन्हेगार ट्यूबलाइटखाली फिरतोय. त्याला चिरडायचं नाही, फुंकर मारून उडवायचं आणि जागा साबणानं धुवायची, हे साधं शहाणपण त्या आळापायी घरात शिरत नाही.

शहराबाहेर, काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांत किंवा कळमेश्वरकडच्या कपाशीत गेलं की गोंधळ वेगळाच. तिथं 'कोळी' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं येतो तो लाल कोळी, पानांमागं बसून रस शोषणारा, टिंबाएवढा. औषधाच्या बाटलीवर ठळक लिहिलेलं असतं: कोळीनाशक. त्याच वेळी कृषी खात्याच्या तक्त्यावर मित्रकिडींच्या यादीत ढालकिड्याच्या शेजारी कोळी दिमाखात बसलेला. एकच शब्द, एक शत्रू, एक मित्र, आणि वर 'मित्रकीड' म्हणून त्या मित्राला कीटकही ठरवून टाकलेलं. बागाईतदाराच्या पोरानं काय समजायचं? लाल कोळ्यालाही मोठा झाल्यावर आठच पाय असतात, तेव्हा 'आठ' हे उत्तर इथं काहीच कामाचं नाही. फरक कंबरेत आहे. जाळं विणणाऱ्या कोळ्याचं शरीर कंबरेशी दुभंगलेलं, लाल कोळ्याचं सगळं एकाच गोळ्यात. गुरांच्या अंगावरची गोचीड त्या दुसऱ्याची भाऊबंद. तिलाही कंबर नाही, आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तर पायही सहाच असतात. पाय मोजून ओळखणारा इथं दोनदा फसेल. आणि सरसकट फवारणीत कंबरवाला मित्र आधी मरतो, बिनकंबरेचा शत्रू पुढं आणखी वाढतो, हे विदर्भातल्या शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून भोगलेलं आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्थाही इथंच. त्यांच्या माहितीपत्रकातलं ज्ञान शेतात पोचायची एक वाट तिसरीच्या वर्गातून जाते, असं मी म्हटलं तर कुणी हसू नये. घरी बाटलीवरचं वाचून दाखवणारं ते पोरच असतं.

कोळ्याला कीटक म्हणण्याबद्दल पोरांवर फार डाफरूही नये. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियससारख्या माणसानं 1758 च्या वर्गीकरणात कोळ्याला कीटकांतच घातलं होतं. त्याला वेगळा वर्ग मिळायला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यावा लागला, म्हणजे पुढची चाळीसेक वर्षं. एवढ्या मोठ्या माणसांना जो फरक करायला वेळ लागला तो आपण 'गटात न बसणारा शब्द ओळखा'मध्ये अर्ध्या मिनिटात उरकून घेतो.

शब्दांवरून वाद होतो तो मात्र मला मान्य आहे, अर्धा. एक बाजू म्हणते लहान मुलांना शिरोवक्ष, उदर असले जड शब्द नकोत. दुसरी म्हणते आत्ता नाही शिकवले तर पुढं अडेल. माझा अनुभव असा की शब्द जड नसतो, न उघडता दिलेला शब्द जड असतो. मुलांनी आधी 'पुढचा डबा', 'मागची पिशवी', 'कंबर', 'हात', 'सूतबोंडं' म्हणावं. आठ दिवस तेच चालू द्यावं. मग एक दिवस फळ्यावर लिहावं: शिर अधिक वक्ष. डोकं आणि छाती एकाच डब्यात. "म्हणून तर मान नाही त्याले!" असं कुणीतरी ओरडतंच. मराठी माध्यमातल्या पोराच्या हातात ही किल्ली फुकट आहे. सेमी इंग्रजीतलं पोर सेफॅलोथोरॅक्स पाठ करतं आणि त्या शब्दाच्या आत काय आहे ते त्याला कुणी दाखवत नाही, कारण तो उघडायला ग्रीक लागतं. मला सेमी इंग्रजीचा राग नाही, माझी नात त्याच वर्गात आहे. पण तिच्या बाईंनी तो शब्द देताना शेजारी शिरोवक्षही लिहिला असता तर पाय पोटाला लागले नसते, असं मला राहून राहून वाटतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप एका मुख्याध्यापक मित्रानं घेतला. ते म्हणाले, "मॅडम, चौथीतल्या पोट्ट्यांना धड वाचता येऊन नाही राहिलं, भागाकार येत नाही, अन् तुम्ही मकड्या घेऊन बसल्या." त्यांचं दुःख खरं आहे. वरून निपुण भारतचे, म्हणजे सरकारच्या वाचन-गणित मोहिमेचे, तक्ते भरायचे असतात, पालक विचारतात ते गणिताचंच. पण भागाकार न येणाऱ्या पोराला आणखी एक भागाकार देऊन तो येतो, यावर माझा विश्वास उरलेला नाही. कोळ्याच्या एका पायाला सात तुकडे असतात. भिंगाखाली कातीचा एक पाय धरून मुलांनी ते मोजले, आठ पायांचे किती म्हणून सात आठे छप्पन्न केलं, एक पाय तुटला तर किती उरले ते सांगितलं, आणि जे बघितलं ते पाच ओळींत लिहिलं. यातलं वाचन-लेखन-गणित नसलेलं काय होतं ते त्यांनी मला दाखवावं. स्वतः बघितलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना मुलं खाडाखोड फार करतात, हेही मी पाहिलंय. पाठ केलेलं उत्तर लिहिताना कुणी खाडाखोड करत नाही.

भीतीचं म्हणाल तर ती मुलांना आमच्याकडून लागते. वर्गात कोळी निघाला आणि बाई किंचाळल्या की धडा तिथंच शिकवून झालेला असतो. बहुतेक सगळ्या कोळ्यांना विष असतं हे खरं, पण ते माशी-झुरळाच्या मापाचं. आपल्या घरात-शाळेत नेहमी दिसणाऱ्यांपैकी माणसाला मोठी इजा करतील असे नाहीत. तरी नियम एकच ठेवावा, बघायचं, हात लावायचा नाही. बिळांत, दगडांखाली बोटं घालायची नाहीत, कारण तिथं विंचू असू शकतो. पारदर्शक डबीत घेतला तर तास संपायच्या आत जिथला तिथं सोडायचा.

खरी अडचण झाडूची आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पाऊस स्थिरावतो, माशा-चिलटं वाढतात, आणि भाद्रपद-आश्विनात कोळ्यांची जाळी अशी फुलतात की सकाळी दंव पडलेलं कुंपण बघत राहावं. आणि नेमकं तेव्हाच तपासणी, सुंदर शाळा स्पर्धेचे गुण, मग दिवाळीची साफसफाई. लांब बांबूला झाडू बांधून सगळी जळमटं खाली. 'परिसर अभ्यास' नावाचा विषय असलेल्या शाळेनं परिसर आधी झाडून टाकायचा आणि मग त्याचा तक्ता लावायचा! वर्ग स्वच्छ हवेत, स्वयंपाकाची खोली तर हवीच हवी. पण व्हरांड्याचा एखादा कोपरा, कुंपणाचं एक टोक, एवढं तरी आश्विनापर्यंत झाडूपासून वाचवता येईल. तिथं पुठ्ठ्यावर लिहून लावा, 'अभ्यास चालू आहे.' तपासणीला आलेले साहेब विचारतील तेव्हा उत्तर पोरांना देऊ द्या.

आणि प्रश्नपत्रिका. तिच्यावाचून काहीच हलत नाही हे मला ठाऊक आहे, कारण शिक्षक शेवटी जे विचारलं जातं तेच शिकवतो, मीही तेच केलं. 'नावे द्या' काढून टाकून पायांशिवायचा कोळी छापा, दोन भाग आणि कंबर, आणि सांगा की पाय जोड. किंवा पाय पोटाला लावलेलं चित्र छापा आणि विचारा, हा चालू शकेल का, का नाही. तपासायला एक नजर पुरते.

मागच्या आश्विनात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी मुलांना जिन्याखालचा तो लांब पायांचा कोळी बघून काढायला सांगितलं, जाळ्याला काडी लावली की जो गरगर हलून धूसर होतो तो. सगळ्यांनी आठ पाय काढले. एकानं सातच काढले. बाकीचे त्याच्या वहीवर तुटून पडले, "सात नाही रे, आठ असतात!" तो म्हणाला, "असत असतील, याले सातच आहेत." मी जिन्याखाली वाकून बघितलं. सातच होते. एक कुठंतरी तुटून गेला होता. त्याच्या चित्रात पुढच्या डब्याच्या डाव्या कडेला, दुसऱ्या आणि चौथ्या पायाच्या मध्ये, पेन्सिलीनं एक टिंब काढलेलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथला गेला.'